अडुसष्ट गुण

दहावीच्या निकालानंतर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी होणारा वाद यंदाही झाला. खेळाडूंना परीक्षेत मिळणारे सवलतीचे गुण, जास्तीत जास्त २५, म्हणजे अभ्यासू मुलांवर अन्याय आहे, असे दादाने लिहिले आणि त्याच आठवड्यात दहावीत गेलेल्या माझ्या भाच्याचे नाव शाळेच्या खो-खो संघातून काढून घेतले. मला संताप आला तो गुणांच्या मुद्द्यामुळे नव्हे. ज्या मुलाला मैदानावर जाऊच द्यायचे नाही, त्याच्या खेळाची किंमत किती गुण करावी यावर आपण मोठी माणसे तासन्‌तास भांडतो, याचा तो संताप होता.

मी तेरा वर्षे टेक्सासमध्ये राहते. इथे १९८४ साली कायदा झाला की कोणत्याही विषयात ७० पेक्षा कमी गुण असलेल्या विद्यार्थ्याला सहा आठवडे स्पर्धेत उतरता येणार नाही. फुटबॉलवेड्या गावांतून त्याला कडाडून विरोध झाला. १९९५ साली मुदत तीन आठवड्यांवर आली, पण नियम टिकला. बंदी स्पर्धेपुरती असते, सराव चालू ठेवता येतो. माझी मुलगी क्रॉस कंट्री धावते. तिचे कोच सकाळी सहाला ट्रॅकवर असतात आणि तिसऱ्या तासाला तिला इतिहास शिकवतात. त्यामुळे तिचे गुण आणि तिचा गुडघा या दोन्हींची काळजी एकाच माणसाला असते.

दादा म्हणतो, "तुमच्याकडे पैसा आहे." आहेच. जवळच्या ॲलनमध्ये हायस्कूलसाठी सहा कोटी डॉलर खर्चून १८,००० आसनांचे स्टेडियम २०१२ साली उघडले आणि काँक्रीटला तडे गेल्यामुळे दोन वर्षांत बंद ठेवावे लागले. त्या हव्यासाचे समर्थन मी करणार नाही. पण मी म्हणते ते पैशावर अडत नाही. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाने खेळाडूच्या पाठीशी उभे राहणे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको.

मी स्वतः खो-खो खेळत होते. पावसाने धुऊन गेलेल्या रेषांवर सर पुन्हा फक्की मारायचे आणि ती आमच्या कोपरांना, परकराच्या काठाला लागायची. दहावीला मला संघातून काढले तेव्हा सर घरी आले, ओटीवर बसून चहा प्यायले, "पोरगी खांबापाशी सूर छान मारते," एवढेच बाबांना म्हणाले आणि निघून गेले. आमच्या वर्गाचा खेळाचा तास तोवर गणिताला गेला होता. बाबा म्हणाले होते की एका वर्षाचा तर प्रश्न आहे. त्यानंतर मी कधी मैदानावर उतरले नाही.

दादाला हे सारे माहीत आहे. त्याला माहीत नाही ते गेल्या ऑक्टोबरमधले. मुलीला रसायनशास्त्रात ६८ गुण पडले आणि जिल्ह्याची शर्यत दोन आठवड्यांवर होती. मी रात्री अकरा वाजता तिच्या शिक्षिकेला मेल लिहून दोन गुण वाढवता येतील का, असे विचारले. कारणेही दिली: तिची मेहनत, तिची तब्येत, संघाचे नुकसान. सकाळी सौम्य शब्दांत नकार आला आणि सोबत सकाळच्या ट्युटोरियलची वेळ. कोचनी मुलीला सरावाला बोलावले. तीन आठवडे ती सगळ्यांबरोबर धावली आणि शर्यतीच्या दिवशी घरी बसली. मेलचे कळल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. इथले पाणी अंगी लागले, असे मी समजत होते. पण प्रसंग आला तेव्हा मी गुणच मागितले, तेही खेळासाठी.

म्हणून दादाशी गुणांवर वाद घालण्याचा अधिकार मला उरलेला नाही. ते २५ गुण ठेवा किंवा काढा. मी त्याच्याकडे एकच मागते: भाच्याला रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा शाळेच्या मैदानावर जाऊ दे, आणि आठवड्यातून एकदा तूही त्या कडेला जाऊन उभा राहा. मला तिथे जाता येत नाही.