मेरी कसॅटचे ठसे लाकडाचे नव्हेत, तांब्याचे

अमेरिकन चित्रकार मेरी कसॅटच्या 'द लेटर' या चित्राखाली 'जपानी पद्धतीने लाकडी ठशांवर छापलेले' अशी ओळ घालून ते सध्या सगळीकडे फिरते आहे. ही ओळ चुकीची आहे.

जपानी प्रभाव मात्र शंभर टक्के खरा. 1890 साली पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी छापचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ते पाहून कसॅट इतकी भारावली की चित्रकार बेर्त मोरिझोला तिने पत्राने कळवले, हे चुकवू नकोस. त्यातूनच तिची 10 रंगीत छापचित्रे जन्मली ('द लेटर' त्यांतलेच एक) आणि 1891 मध्ये ती पॅरिसमध्ये मांडली गेली.

पण तिने लाकूड कोरलेच नाही. जपानी कारागीर चेरीच्या लाकडावर प्रत्येक रंगासाठी साधारणपणे वेगळा ठसा कोरत, पाण्यात कालवलेला रंग लावत आणि कागद मागून हाताने घासत. कसॅटने तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढल्या (ड्रायपॉइंट), रंगांच्या सपाट छटांसाठी आम्लाने पत्रा खरबरीत करण्याचे तंत्र, म्हणजे अ‍ॅक्वाटिंट वापरले आणि छापाई दाबयंत्रावर केली. एकाच पत्र्यावर निरनिराळ्या भागांत हाताने रंग भरायचे, तेही दर प्रतीला नव्याने! प्रत्येक चित्राच्या 25 प्रती निघाल्या. छापाईत लरॉय नावाचा मुद्रक तिच्या सोबत होता. दर प्रतीला हाताने रंग भरल्यामुळेच दोन प्रतींचे रंग तंतोतंत जुळत नाहीत, आणि मला तर तेच सर्वांत मोहक वाटते.

ही ओळ पुढे पाठवली असेल, तर कृपया दुरुस्तीही पाठवा.