शपथेचा उल्लेख राहून गेला

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिनातील गूज क्रीकच्या सेंट जेम्स चर्चवरील एका लेखात पाद्री फ्रान्सिस ल जॉ यांनी गुलामांसाठी चर्चचे दरवाजे खुले केले असे म्हटले आहे. दरवाजे उघडले हे खरे, पण कोणत्या अटीवर, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धवट राहते. ल जॉ यांनी 1709 मध्ये लंडनच्या मिशन संस्थेला लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवले आहे की, बाप्तिस्मा मागणाऱ्या गुलामाकडून ते आधी भर सभेत शपथेवर कबुली घेत असत: हा संस्कार मी धन्याच्या सेवेतून सुटण्यासाठी नव्हे, तर केवळ आत्म्याच्या कल्याणासाठी मागत आहे. बाप्तिस्मा झाला की गुलाम हातचा जाईल, ही मळेवाल्यांची धास्ती होती. पुढे बाप्तिस्म्याने गुलामी संपत नाही असे ठरवणाऱ्या 1712 च्या कायद्याने तीही दूर केली. मात्र पळून जाणाऱ्या गुलामांचे अवयव छाटण्याच्या शिक्षेला याच ल जॉ यांनी विरोध केला होता, तेव्हा त्यांना निव्वळ खलनायक ठरवणेही योग्य होणार नाही.

चार्ल्स्टनला गेलो असताना मुद्दाम वाट वाकडी करून मी हे चर्च बाहेरून पाहिले आहे. 1719 मध्ये पूर्ण झालेल्या त्या गुलाबी गिलाव्याच्या इमारतीच्या पश्चिम दारावर, स्वतःच्या रक्ताने पिल्लांना भरवणारा पेलिकन कोरलेला आहे. आतील ब्रिटिश राजा पहिल्या जॉर्जच्या राजचिन्हामुळे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश फौजेने ही वास्तू नष्ट न करता सोडली, ही आख्यायिका लेखकाने चांगली ऐसपैस सांगितली आहे. त्यातल्या चार ओळी लेखी पुरावा असलेल्या या शपथेला सहज देता आल्या असत्या.