मंगळवारी रात्री बारा वाजता तिकीट अर्ध्यात मिळत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. परदेशाचं तिकीट मंगळवारी रात्री बारानंतर इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मागचं काही लक्षात न ठेवणाऱ्या खिडकीत काढा, अर्ध्या भावात मिळतं. तुकड्या-तुकड्यात काढा, अजून स्वस्त. रिटर्न काढू नका, परतीचं डमी म्हणजे खोटं तिकीट दाखवा. थायलंड-मलेशियाला व्हिसा नाही म्हणजे तयारी काहीच नाही, आणि इन्शुरन्स म्हणजे पैसे पाण्यात. एवढंच असतं तर सोडून दिलं असतं, पण वर्षानुवर्षं पैसे साठवून पहिल्यांदा बाहेर निघालेले काका-काकू हे वाचून खरंच तिकीट काढताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मंगळवारचं लवकर संपवतो. पूर्वी विमान कंपन्या आठवड्याच्या सुरुवातीला सेल टाकायच्या आणि मंगळवारपर्यंत बाकीच्या कंपन्या आपले भाव त्याला जुळवायच्या, तेव्हा या बोलण्यात थोडं तथ्य होतं. आता भाव दिवसातून कितीही वेळा बदलतात. बुकिंग कोणत्या वारी करता याने फरक पडत नाही, उडता कोणत्या वारी याने पडतो, मंगळवार-बुधवारचं उड्डाण शुक्रवार-रविवारपेक्षा बऱ्याचदा स्वस्त असतं. त्याहून मोठा फरक महिन्याचा. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 ला गेला की पोरांच्या सुट्ट्या धरून सगळेच निघतात, दिवाळीतही तेच, मग भाव चढणारच. गणपती उठल्यावर, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी बघा, थायलंडला तेव्हा पाऊस असतो पण तिकीट आणि हॉटेल दोन्ही आवाक्यात येतं. गुगल फ्लाइट्सवर पूर्ण महिन्याचे भाव दिसतात, अलर्टही लावता येतो, त्यासाठी रात्री जागायची काही गरज नाही.

इन्कॉग्निटोमागची समजूत अशी की आपण परत परत शोधलं की साइट ते लक्षात ठेवून भाव वाढवते, पण आधी भाव कसा ठरतो ते बघा. एकाच इकॉनॉमीच्या सीटा वेगवेगळ्या भावांच्या गटात विकतात, स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो. तुम्ही दोन तासांनी परत बघितलं आणि भाव वाढला तर मधल्या वेळात त्या गटातल्या सीटा गेल्या असं बहुतेक वेळा असतं, इन्कॉग्निटो उघडून त्या परत येत नाहीत. पण यातूनच खरी कामाची गोष्ट निघते, जी त्या मेसेजमध्ये नाही. आपल्याकडे निघतात पाच-सात जण, आणि पाच सीटा एकदम शोधल्या आणि स्वस्त गटात दोनच शिल्लक असल्या तर बहुतेक कंपन्यांची सिस्टीम पाचही जणांना महागाचा भाव लावते. म्हणून आधी एका माणसाचा भाव बघा, मग पाचांचा, फरक दिसला तर दोन आणि तीन असं वेगळं बुक करा. फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं वेगळ्या बुकिंगवर एकटी पडू देऊ नका, विमान रद्द झालं तर दोन्ही बुकिंग वेगवेगळीकडे जाऊ शकतात.

आणि भाव घरापासून धरा ना भो. मुंबईहून पहाटे 4 चं विमान स्वस्त दिसतं, पण त्यासाठी जळगावहून आदल्या दिवशीच निघावं लागतं, गाडी लेट होईल हे धरून, वर मुंबईत टॅक्सी किंवा लॉज. नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर कोणतं आहे ते नीट वाचा. नंदुरबार-अमळनेरवाल्यांनी सुरत जरूर बघावं, तिथून शारजाची विमानं आहेत आणि डिसेंबर 2024 मध्ये बँकॉकचंही सुरू झालं. धुळे-शिरपूरवाल्यांना इंदूर सरळ रस्त्याने पडतं. तिकीट दोन हजाराने महाग असलं तरी एकूण हिशोबात बरं पडू शकतं.

आता तुकड्यांचं तिकीट. याच्यात माणसं खरंच अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा बालीला जायचंय, मुंबई-सिंगापूर एक तिकीट काढलं आणि सिंगापूर-बाली दुसऱ्या कंपनीचं. बॅगा सहसा सिंगापूरलाच उतरणार, त्या घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागणार, आणि सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. तो नसला तर मुंबईच्या काउंटरवरच थांबवतील. बँकॉकचं वेगळंच, तिथे सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग अशी दोन विमानतळं शहराच्या दोन टोकांना आहेत, पहिलं तिकीट एकाचं आणि दुसरं दुसऱ्याचं निघालं तर बॅगा घेऊन अख्खं शहर पार करायचं. पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी काही देणं लागत नाही, ऐनवेळी नवीन तिकीट काढायचं आणि जेवढं वाचलं त्याच्या कितीतरी पट जाणार. पहिल्यांदा जाताय तर पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर घ्या, बॅग शेवटपर्यंत टॅग होते का ते काउंटरवर विचारा.

डमी तिकीट तर अजिबात नको. परत पाठवलेल्या प्रवाशाचा भुर्दंड विमान कंपनीवर पडतो म्हणून त्यांचे लोक पीएनआर तपासतात, आणि खोटा कागद इमिग्रेशनपुढे ठेवणं हा साधा मामला नाही. तारीख बदलता येईल असं किंवा रिफंड मिळेल असं खरं तिकीट काढा.

"व्हिसा नाही म्हणजे तयारी नाही" हे तर पूर्णच चुकीचं. थायलंडला 1 मे 2025 पासून ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, मलेशियाचंही तसंच आहे, दोन्ही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत आणि दोन्ही फुकट, पैसे मागणारी साइट सरकारी नाही. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक पाहिजे. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं, आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय असते आणि रकाने उलटे भरले जातात. आणि बायांनो, सामानातला काळा मसाला बघून भरा. आपण मसाल्यात खसखस घालतो, आणि खसखस दुबईत बंदी असलेल्या मालात येते, सिंगापुरातही. लेकीकडे निघालेल्या आईने प्रेमाने बांधलेली पुडी कस्टमवाले अंमली पदार्थ म्हणून बघतात. खसखस न घातलेला वेगळा कुटून न्या. ट्रामाडॉल, कोडीनवाली औषधंही तिकडे कडक नियमात आहेत, परवानगी लागते का ते आधी बघा, डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

राहिला इन्शुरन्स. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचं कव्हर सक्तीचंच आहे. बाकी देशांत सक्ती नसली तरी तिकडच्या खासगी दवाखान्याचं बिल आपल्यालाच भरायचंय. बीपी-शुगर असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, लपवलं तर क्लेम अडकतो. आणि पोरं फुकेतला स्कूटर भाड्याने घेणारच असतील तर निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, 1000 रुपये फी आहे, आणि त्यावर टू-व्हीलर आहे का ते तपासा, कारण परमिट नसताना अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम नाकारू शकते.