आजव्याला शिव्या घालण्याआधी

'कृत्रिम तलाव' म्हटलं की बडोद्यात आता गणपती विसर्जनाचे खड्डेच आठवतात. पण या शहराचा खरा कृत्रिम तलाव आजवा. शाळेच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो देवानेच केलाय असं वाटलं होतं. सयाजीरावांनी सूर्या नदीला मातीचा बांध घालून घेतला, काम जगन्नाथ सदाशिवजी या इंजिनियरचं, आणि १८९२ मध्ये ते पाणी शहरात आलं. तेव्हा बडोद्याची वस्ती लाखाच्या थोडी वर. पंप नाही, पाणी उतारानंच यायचं. आमचे आजोबा नळाचं पाणी पिताना 'आजव्याचं आहे, चव बघ' म्हणायचे. (चव बहुधा पाइपाची असावी, पण सांगायची कुणाची टाप!)

तोच आजवा आता दर श्रावणात आरोपीच्या पिंजऱ्यात. घरोघरी पाण्याच्या पातळीचे दोनच आकडे विचारले जातात: आजवा किती, काळा घोडा किती? पावसाळ्यात आजवा २११ फुटांच्या वर गेला की ६२ दरवाज्यांतून पाणी आपसूक सांडतं, सूर्येतून शहरातल्या विश्वामित्री नदीत येतं आणि काही तासांनी काळ्या घोड्याच्या पुलाखाली पोचतं. तिथली धोक्याची खूण २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली, आणि प्रत्येक ओट्यावर एकच वाक्य, 'आजव्याचं पाणी सोडलं!'

मला हे पटत नाही. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, तो शहराच्याच डोक्यावर पडला होता. तो काय आजव्यानं पाडला?

२०२४ ला आमच्या घरात पाणी आलं ते नदीच्या बाजूनं आलंच नाही. मी पुढच्या दाराला वाळूची पोती लावत बसलो आणि बायको मागून ओरडली, 'अहो, इकडून येतंय!' मागे कांस आहे. भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस हे आपले जुने ओढे. पावसाचं पाणी गोळा करून नदीत नेणं हे त्यांचं काम. पण नदीच कांसेच्या तोंडापेक्षा वर चढली की कांस उलटी वाहते, गटारही उलटं वाहतं, आणि नदी दिसतही नाही अशा गल्लीत कमरेएवढं पाणी. आमच्या मागच्या कांसेवर निम्म्या रुंदीला स्लॅब आहे, त्यावर गाड्या लागतात. घर घेताना बिल्डरनं 'पार्किंगची काळजी नको' म्हणून तोच स्लॅब दाखवला होता. आम्हीही खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू.

आजव्याची अडचण वेगळीच आहे. एकाच भांड्याकडून आपल्याला दोन उलट गोष्टी हव्यात: उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून ते काठोकाठ भरलेलं हवं, आणि पूर पोटात घ्यायला ऑगस्टमध्ये रिकामंही हवं. लवकर रिकामं करून ठेवलं आणि पाऊस दगा देऊन गेला, तर एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत आपणच. त्यात बांधाआड अडलेल्या पाण्यातला गाळ दरवर्षी तळाशी बसतो, म्हणजे तीच पातळी आणि पाणी कमी. २०२५ च्या उन्हाळ्यात विश्वामित्री खोदली, आजव्याचा गाळही काढला. चांगलं केलं. नदीतल्या मगरींचं काय झालं ते विचारायला मात्र आम्हाला पूर उतरल्यावरच सुचतं, जेव्हा एखादी सोसायटीच्या जिन्यापाशी पडलेली असते.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, कांसेवरचा आपला स्लॅब आपणच काढायला सांगू या. दोन मिनिटं शांतता. मग एक काका म्हणाले, 'भाऊ, मग गाडी कुठे लावायची?' विषय पुढच्या मीटिंगला ढकलला. आज सकाळी त्याच काकांचा ग्रुपवर मेसेज होता: आजवा किती झाला?