आधी डबा की आधी मैदान?

'वादे वादे जायते तत्त्वबोधः' हे वचन शिक्षक-कक्षातील फळ्यावर मीच सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. त्यामुळे नववीच्या वर्गात वादविवाद घेण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले, यात अन्य कोणाचा दोष नाही. मुलांनी वर्गात बोलावे, असे आम्हा शिक्षकांना मनापासून वाटते. अडचण एवढीच की ती नेमकी आम्ही बोलत असताना बोलतात.

विषय मी इतिहासातून निवडला : आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा? याच वादातून टिळक आणि आगरकर हे जिवलग मित्र दुरावले आणि 'केसरी' सोडलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या, प्रत्येकाला दोन मिनिटे दिली आणि घंटेऐवजी स्टीलचा पेला व चमचा घेऊन मी सज्ज झाले. पहिल्या वक्त्याने 'आदरणीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' एवढे म्हणून उरलेला वेळ छताच्या निरीक्षणात घालवला. खंडनासाठी उठलेल्या दुसऱ्याने 'मी आधीच्या वक्त्याशी पूर्ण सहमत आहे' असे जाहीर केले. तिसऱ्याने, हे किती गुणांना आहे, अशी चौकशी केली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून सूचना आली, "बाई, मधल्या सुट्टीत आधी डबा की आधी मैदान, यावर घ्या ना!"

मी नाइलाजाने होकार दिला आणि वर्ग पेटला. दहावीच्या मुलांनी मैदान बळकावले की स्वातंत्र्य गेलेच, डबा काय, भूगोलाच्या तासालाही खाता येतो, असे मैदानवाद्यांनी भर सभेत कबूल केले. उपाशीपोटी मिळवलेले मैदान पाच मिनिटेही टिकत नाही, असे डबावाद्यांनी सुनावले. मग वर्षभर 'हजर' याखेरीज एक शब्द न बोललेली मुलगी उठली आणि म्हणाली, "मैदान मिळालं तरी तुम्ही आम्हाला तिथे खेळूच देत नाही, मग ते स्वातंत्र्य नक्की कोणाचं?" आगरकरांचा एक लेखही न वाचता तिने त्यांची बाजू मांडली होती. मी पेला वाजवायचेच विसरले.

त्यानंतर उसळलेला गदारोळ ऐकून पर्यवेक्षक सर दारात येऊन उभे राहिले. वर्ग चिडीचूप झाला. मी खुलाशाची जुळवाजुळव करत असतानाच पहिल्या बाकावरून अत्यंत नम्र प्रश्न आला, "सर, तुम्ही डब्याकडून की मैदानाकडून?"

सरांनी घड्याळाकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि ते डबावाद्यांच्या बाकावर जाऊन बसले.