प्लाझ्मा दानाला घाबरवणारा मजकूर आणि त्याचा प्रतिवाद

प्लाझ्मा (रक्तातला पेशींवेगळा द्रवभाग) द्यायला जाऊ नका, असे बजावणारा एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यात सहा दावे असतात. दात्याच्या अंगातून जवळजवळ लिटरभर रक्त काढून घेतात आणि त्यामुळे रक्तक्षय होतो, हा पहिला. आधीच्या माणसाचे रक्त ज्या यंत्रातून फिरले त्यातूनच आपले रक्त परत अंगात सोडतात आणि त्यातून एचआयव्ही किंवा कावीळ होते, हा दुसरा. परत येणाऱ्या रक्तातले रसायन हाडे पोखरते, प्रतिकारशक्ती कायमची खचते, केंद्रे कसलीही तपासणी न करता कोणालाही सुई टोचतात आणि एवढे करून तो प्लाझ्मा रुग्णाकडे न जाता सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात जातो, हे उरलेले चार. यांतले बहुतेक दावे चुकीचे आहेत, पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. या मजकुरामुळे वाचक नको त्या गोष्टींना घाबरतो, आणि किती दिवसांनी पुन्हा प्लाझ्मा द्यावा हा जो प्रश्न त्याने खरोखर विचारायला हवा, तोच विचारायचा राहून जातो.

लिटरभर रक्त आणि रक्तक्षय यांच्यापासून सुरुवात करू. रक्ताच्या आकारमानात सुमारे ५५ टक्के भाग प्लाझ्माचा असतो, आणि त्या प्लाझ्मात नऊ-दशांशाहून अधिक पाणी असते. उरलेल्या थोड्या भागात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन, रोगांशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी), रक्त गोठवणारे घटक आणि क्षार असतात. प्लाझ्मा देताना दंडातल्या शिरेत एकच सुई घातली जाते. यंत्र थोडे रक्त ओढून घेते, ते गरगर फिरवून किंवा सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून प्लाझ्मा वेगळा करते आणि उरलेल्या तांबड्या पेशी त्याच सुईतून परत देते. हे चक्र अनेकदा चालते. दंडावरचा पट्टा आवळला की रक्त बाहेर चालले आहे आणि सैल झाला की परत येते आहे, एवढे ध्यानात ठेवले तर खुर्चीत पडल्या पडल्या काय चालले आहे ते दात्याला कळत राहते. शेजारच्या बाटलीत जमा होणारा द्रव फिकट पिवळा असतो. थोड्याच वेळापूर्वी तुपकट-तेलकट खाल्ले असेल तर तो दुधाळ आणि गढूळ दिसतो, म्हणूनच आदल्या जेवणात चरबी कमी ठेवायला सांगतात.

बाटलीत किती जमा होते? अमेरिकेतल्या नियमांत वजनाच्या तीन गटांसाठी ६९०, ८२५ आणि ८८० मिलिलिटर अशा कमाल मर्यादा चालत आल्या आहेत, आणि या आकड्यांत रक्त गोठू नये म्हणून मिसळलेला द्रवही धरलेला असतो. ‘लिटरभर’ हा शब्द बहुधा यातल्याच मोठ्या आकड्यावरून आला असावा. फक्त मजकूर लिहिणाऱ्याने प्लाझ्माच्या जागी रक्त हा शब्द घातला. तांबड्या पेशींचे नुकसान तपासणीच्या नमुन्यांपुरते आणि नळीत अडकून राहणाऱ्या थेंबांपुरते असते. संपूर्ण रक्त देणाऱ्याला दोन-तीन महिने थांबावे लागते ते याच पेशी भरून यायला वेळ लागतो म्हणून. प्लाझ्मातले पाणी मात्र एक-दोन दिवसांत भरून निघते. यंत्र मध्येच बंद पडून बऱ्याच तांबड्या पेशी परत देता आल्या नाहीत, तर अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे त्या दात्याला आठ आठवडे प्लाझ्मा देता येत नाही. रक्तक्षयाची खबरदारी नियमांतच कशी घेतलेली आहे, ते यावरून दिसते.

दुसरा दावा सर्वांत जास्त घाबरवतो आणि त्याच्यामागे खरा इतिहास आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. १९९० च्या दशकात चीनच्या हनान प्रांतात प्लाझ्मा विकत घेणाऱ्या केंद्रांनी एकाच रक्तगटाच्या अनेक माणसांचे रक्त एकत्र केले, त्यातून प्लाझ्मा काढला आणि उरलेल्या पेशींचे ते मिश्रण त्याच माणसांना परत टोचले. गरिबीमुळे रक्त विकायला आलेल्या खेडुतांमध्ये त्यातून एचआयव्ही मोठ्या प्रमाणावर पसरला. गाओ याओजी या वयोवृद्ध डॉक्टरबाईंनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले आणि त्यापायी सरकारी जाचही सोसला. तेव्हा ‘असे कुठे घडलेच नाही’ असे म्हणून हा दावा उडवून लावता येणार नाही.

परंतु तिथे जे घडले ते अनेकांचे रक्त एकत्र केल्यामुळे घडले, आणि आजच्या स्वयंचलित यंत्राच्या रचनेत नेमकी तीच गोष्ट टाळलेली आहे. सुई, नळ्या, रक्त फिरवणारे भांडे आणि प्लाझ्माची बाटली हा सगळा संच निर्जंतुक, सीलबंद आणि एकदाच वापरायचा असतो. यंत्राचे पंप नळीला बाहेरून दाबून रक्त पुढे सरकवतात आणि भांडे यंत्राच्या खोबणीत बसून फिरते; रक्ताचा यंत्राशी प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. पूर्वीच्या हाताने करायच्या पद्धतीत रक्ताची पिशवी दात्यापासून तोडून दुसऱ्या यंत्राकडे न्यावी लागे आणि पेशी परत आणून चढवाव्या लागत, त्यामुळे पिशव्यांची अदलाबदल होण्याची भीती होती. आता दाता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच बंद नळीला जोडलेला राहतो. संच आपल्यासमोर फोडला जातो की नाही, हे पाहण्याचा हक्क प्रत्येक दात्याला आहे. दिसले नाही तर विचारावे. चांगल्या केंद्रातल्या कर्मचाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

याच दाव्याला जोडून एक उलटा गैरसमजही आढळतो. दिलेल्या प्लाझ्माची एचआयव्ही आणि ब व क प्रकारच्या काविळीसाठी चाचणी होते हे खरे आहे, आणि दोष आढळल्यास दात्याला कळवून पुढे देण्यास मनाई केली जाते. पण स्वतःची फुकट तपासणी होईल म्हणून प्लाझ्मा द्यायला जाणे घातक आहे. संसर्ग झाल्यानंतरचे पहिले काही दिवस चाचणीतही निसटू शकतात. ज्याला शंका आहे त्याने चाचणी केंद्रात जावे.

तिसरा दावा रसायनाचा. हे रसायन म्हणजे सायट्रेट. रक्त नळीत गोठू नये म्हणून ते मिसळतात आणि पेशी परत येताना त्यातले काही अंगात येते. ते रक्तातल्या कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, तोंडाला धातूसारखी चव येते, कधी पोटात ढवळते. परत येणारे द्रव शरीराच्या तापमानापेक्षा गार असतात, म्हणून हुडहुडीही भरते. मुंग्या आल्याबरोबर सांगितले तर कर्मचारी परतीचा वेग कमी करतात, काही ठिकाणी चघळायला कॅल्शियमची गोळी देतात आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. चार लोकांत कशाला बोला, म्हणून गप्प बसणाऱ्यांचा त्रास वाढतो. मुंग्या हातापायांपर्यंत गेल्या, स्नायू आखडू लागले तर यंत्र थांबवावे लागते. हाडांचे म्हणाल, तर सायट्रेट हा शरीराच्या ओळखीचा पदार्थ आहे. यकृत आणि इतर अवयव त्याचे विघटन करतात, धरलेले कॅल्शियम मोकळे होते आणि थोड्याच वेळात पातळी पूर्ववत येते. मुंग्यांचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून हाडे पोखरली जात असल्याचा निष्कर्ष काढणे चूक आहे.

चौथ्या दाव्यात अर्धे सत्य आहे. प्लाझ्माबरोबर प्रतिपिंडे जातात, यात शंका नाही. किंबहुना ती मिळावीत म्हणूनच तो गोळा करतात. पाणी दोन दिवसांत भरून येते, पण प्रथिनांचे तसे नसते. मुख्य प्रतिपिंड असलेल्या आयजीजीचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे असते, आणि ते भरून यायलाही वेळ लागतो. जे लोक आठवड्यातून दोनदा असे महिनोन्महिने देत राहतात, त्यांच्यातले आयजीजीचे प्रमाण न देणाऱ्यांपेक्षा सरासरीने कमी आढळते. ‘कायमची’ हा शब्द मात्र चुकीचा आहे. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी दात्याच्या शरीरातच राहतात आणि देण्यातले अंतर वाढवले की पातळी वर येते.

म्हणजे सगळे अंतरावर येऊन ठेपते, आणि इथेच देशोदेशींच्या नियमांत मोठी तफावत आहे. अमेरिकेत सात दिवसांत दोनदा, मध्ये किमान एक दिवस ठेवून देता येते. वर्षभराचा हिशेब केला तर शंभराच्या वर. जर्मनीत वर्षाला ६० ही मर्यादा आहे. युरोप परिषदेच्या मार्गदर्शिकेने ३३ हा आकडा सुचवला आहे. इंग्लंडमध्ये दोन आठवड्यांतून एकदा. माणसाचे शरीर सीमारेषेगणिक बदलत नाही, त्यामुळे जिथे जास्तीत जास्त परवानगी आहे तिथल्या दात्याने ती मर्यादा हेच आपले उद्दिष्ट मानू नये, असे मला वाटते. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात १,१७३ वेळा दान केले; त्यांच्या प्लाझ्मातल्या एका दुर्मीळ प्रतिपिंडापासून, बाळाशी रक्तगट न जुळण्याचा धोका असलेल्या गर्भवतींना द्यायचे अँटी-डी इंजेक्शन बनत असे, आणि ते ८८ व्या वर्षी, २०२५ मध्ये वारले. घाबरवणाऱ्या मजकुराला उत्तर म्हणून त्यांचे नाव हमखास पुढे केले जाते. एका माणसाच्या उदाहरणाने फारसे सिद्ध होत नाही, पण त्यांचाही हिशेब करून पाहावा: वर्षाला सरासरी अठराच्या आसपास. म्हणजे जगप्रसिद्ध ठरलेला हा दातासुद्धा सरासरीने तीन आठवड्यांतून एकदाच देत होता!

वरचेवर देणाऱ्याने आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. अशा केंद्रांत दर वेळी बोट टोचून एकूण प्रथिने मोजतात आणि अमेरिकेत ती १०० मिलिलिटरमागे किमान ६ ग्रॅम असावी लागतात. या एकूण आकड्यात अल्ब्युमिनचा वाटा मोठा असल्याने प्रतिपिंडे घटलेली असूनही आकडा ठीक दिसू शकतो. त्यासाठी प्रथिनांचे वेगवेगळे प्रमाण दाखवणारी तपासणी तिथे दर चार महिन्यांनी करतात. तिचा निकाल मागून घ्यावा.

पाचव्या दाव्याला फार शब्द खर्च करण्याची गरज नाही, कारण जो एकदा केंद्रात जाऊन आला आहे त्याला उलट तपासण्यांचाच कंटाळा आलेला असतो. ओळखपत्र, आजार, औषधे, प्रवास आणि गोंदणे यांविषयीचे लांबलचक प्रश्न, वजन (बहुतेक ठिकाणी किमान ५० किलो), ताप, नाडी, रक्तदाब, बोटातले रक्त आणि पहिल्या खेपेला शारीरिक तपासणी, एवढे झाल्यावर सुईची पाळी येते. म्हणूनच पहिल्या भेटीला दोन तास सहज लागतात, आणि त्यात प्रत्यक्ष प्लाझ्मा काढण्याचा वेळ पाऊण तासाच्या आसपास असतो. धावत-पळत आलेल्या माणसाची नाडी मर्यादेबाहेर गेली तर त्याला थोडा वेळ बसवून ठेवतात किंवा परत पाठवतात. परत पाठवले म्हणजे आपल्याला काही आजार आहे असे धरून चालू नये. औषधनिर्मितीसाठी प्लाझ्मा घेणाऱ्या अनेक केंद्रांत तर पहिल्या खेपेचा प्लाझ्मा तसाच राखून ठेवतात. दाता सहा महिन्यांच्या आत पुन्हा आला आणि दुसऱ्या वेळच्या चाचण्याही निर्दोष निघाल्या, तरच तो वापरात घेतात.

सौंदर्यप्रसाधनांचा दावा एका गोंधळातून आलेला दिसतो. त्वचेसाठी किंवा केसांसाठी जे प्लेटलेटयुक्त प्लाझ्माचे उपचार करतात, त्यांत त्याच व्यक्तीचे रक्त काढून त्यातला भाग तिलाच टोचतात; दात्याच्या बाटलीशी त्याचा संबंध नाही. दान केलेला प्लाझ्मा कारखान्यात जातो हे खरे, पण तो कारखाना औषधांचा असतो. तिथे हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून, विषाणू निष्प्रभ करून त्यापासून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे औषध), अल्ब्युमिन आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे गोठणघटक वेगळे करतात. या सगळ्याला सात ते बारा महिने लागतात. जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधासाठी सुमारे १३० वेळा दिलेला प्लाझ्मा लागतो, असा या उद्योगाच्या संघटनेचा हिशेब आहे. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रियासारख्या देशांत दात्यांना मोबदलाही मिळतो. त्यावर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो असा घेता येईल की, पैशाची निकड असलेला माणूस आजार लपवतो किंवा झेपेल त्याहून वरचेवर येतो. तो आक्षेप रास्त ठरला असता, पण या मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो.

जे त्रास खरोखर होतात त्यांचाही त्यात पत्ता नाही. सर्वांत नेहमीचा म्हणजे सुईच्या जागी काळेनिळे पडणे. सुई शिरेतून निसटली आणि परतीचे रक्त बाहेरच्या ऊतींत गेले तर हात पटकन फुगतो. हे जाणवताच सांगावे. विजेचा झटका बसल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली तर चेतातंतूला धक्का लागलेला असू शकतो, आणि अशा वेळी सुई लगेच काढायला सांगावी. बाटलीतला प्लाझ्मा पिवळ्याऐवजी लालसर दिसू लागला तर पेशी फुटत असण्याची शक्यता असते आणि यंत्र थांबवले जाते. चक्कर बहुतेकांना खुर्चीतच येते, पण काहींना केंद्रातून बाहेर पडल्यावर, उभे असताना येते. म्हणून आधी पोटभर पाणी प्यावे, उपाशी जाऊ नये, झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे तिथेच बसावे, पट्टी काही तास काढू नये, आणि त्या दिवशी त्या हाताने जड काही उचलू नये.