परदेशी शिकायला निघालात? आधी सगळे सीझन संपवा

अभिनंदन! प्रवेश मिळाला, व्हिसाही लागला. आता विद्यापीठानं पाठवलेली ओरिएंटेशनची जाडजूड पुस्तिका वाचत बसू नका. तिच्यात भाडेकरार, आरोग्यविमा असला रटाळ मजकूर असतो आणि एकही देखणा माणूस नसतो. त्यापेक्षा मालिका बघा. समाज कळायला आणखी काय लागतं?

न्यूयॉर्कला चालला असाल तर ‘फ्रेंड्स’ला पर्याय नाही. १९९४ ते २००४, तब्बल १० सीझन! ही न्यूयॉर्कची मालिका मुख्यतः कॅलिफोर्नियात, बर्बँकच्या स्टुडिओत, म्हणजे जवळपास ४,००० किलोमीटर लांब चित्रित झाली, अशी कुरकुर काही जण करतात. करू देत. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज वस्तीतली ती इमारत बाहेरून तरी खरी आहे ना? आणि आपल्याला कुठे भिंती मोजायच्यात, माणसं शिकायचीत. तिथे मित्र दार न ठोठावता आत येतात आणि थेट फ्रिज उघडतात, हे नीट पाठ करा. तुमचा रूममेट दुधाच्या बाटलीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवेल, वर दूध कुठवर आहे याची पेनानं खूणही करून ठेवेल. खचू नका. त्यानं मालिका बघितलेली नसणार.

भर दुपारी मालिकेतल्यासारखं कॅफेच्या सोफ्यावर लोळायची तयारीही आत्तापासूनच करा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी काम करायचं तर कॅम्पसवरच, तेही सत्र चालू असताना आठवड्याला फार तर २० तास, असा एक नियम आहे म्हणे. पडद्यावर त्याचा उल्लेख कधी ऐकला नाही, तेव्हा तो बहुधा दुसऱ्या देशातला असावा.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी ‘हॅरी पॉटर’चे, जादूच्या शाळेचे सिनेमे प्रमाण मानावेत. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजचं भोजनगृह बघून तो भव्य हॉल स्टुडिओत उभारला. जिना मात्र कॉलेजचाच, अस्सल. तुमचं विद्यापीठ बसस्थानकामागची काचेची इमारत निघालं, तर लेखी तक्रार करा.

गुन्हेगारी मालिका तर चुकवूच नका. जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकानं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी टीव्हीवरची हिंसा मोजायला घेतली. फार टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्याहून धोकादायक वाटतं, असं त्याचं म्हणणं. बरं मग? सावध असलेलं काय वाईट? रात्री लायब्ररीतून निघालात आणि मागून कुणी झपझप येऊ लागलं, की सरळ पळत सुटा. तो तुमची विसरलेली छत्री द्यायला येत असेल, तर उद्या देईल.

मग कधीतरी वर्गातलं कुणीतरी म्हणेल, ‘तुमच्या देशावरचा एक सिनेमा पाहिलाय मी,’ आणि पुढचा अर्धा तास तुमच्याच देशाची माहिती तुम्हाला देईल. इथे मात्र भडकायचं. एका सिनेमावरून अख्खा देश ओळखतात म्हणजे काय? काय हे अज्ञान! तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही १० सीझन पाहिलेत.

वर्षभरानं पुढची बॅच विचारेल, ‘तिकडे खरंच तसंच असतं का?’ तळघरातल्या लाँड्रीत एकट्यानं काढलेल्या शनिवारांबद्दल अवाक्षर काढू नका. बर्फातला एक फोटो पाठवा आणि सोबत मालिकांची यादी जोडा.